जांभळ्या कानांचा किंदे आणि अर्ध्या ओळीची सोतेरे

पुका रुमी
३ मार्च

नार्सी न्यान्या,

...आणि नाही, मी जळत नाहीये. तुझ्या मागच्या पत्रातला फोटो बघितला. तू आणि ती मिरेया स्टेजवर, दोघींचे सेम लाल घागरे, सेम वेण्या. छान आहे. खरंच छान आहे. फक्त एवढंच की आपण दोघी बहिणी गायचो तेव्हा मी सेम कपडे घालूया म्हटलं की तू म्हणायचीस, "आपण काय बाजारात विकायला काढलेल्या जोडीच्या गाई आहोत का?"

असो. पार्सल आधी उघडलंस ना? वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "आधी खा, मग पत्र वाच." कुईची, आपल्या चुलीमागच्या गिनीपिगची, भाजलेली तंगडी आहे, सोबत बटाटे आणि शेंगदाण्याची चटणी. गार झालं असेल. एर्मेलकाकांनी दुधाच्या गाडीतून खाली नेलं आणि पुढे आंबातोच्या बसच्या कंडक्टरला दिलं. आपला टॉवर दरडीबरोबर नदीत गेल्यापासून फोन बंद, अख्खं गाव काकांच्या गाडीवर चाललंय. काका म्हणतात, "मी दूध नेतो की तुमच्या भानगडी, मलाच कळत नाही."

तुला एक गंमत सांगायचीये. मागच्या अंगणात मी किंदेंसाठी साखरपाण्याच्या बाटल्या टांगल्यात. तू होतीस तेव्हा एकच होती, आता चार आहेत. आणि चारही बाटल्यांवर एकाच किंदेचं राज्य! टुरिस्ट लोक "हमिंगबर्ड, हमिंगबर्ड" करत कॅमेरे घेऊन येतात ते त्याच्यासाठीच. तोच, हिरवा, जांभळ्या कानांचा. बोटाएवढा जीव, पण दुसरा किंदे दिसला रे दिसला की कानाजवळची जांभळी पिसं अशी फुलून बाहेर येतात, जसं काही कुणीतरी आईवरून शिवी दिलीये. मग सुसाट पाठलाग. स्वतः पितो कमी, हाकलतो जास्त. आणि गाणं काय, तर चिप, चप, चिप, चप. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एकटाच, त्याच त्या फांदीवर बसून. पण दिसायला हिरा!

आणि पलीकडे बांबूच्या बेटात आपली सोतेरे. मातकट, भुरी, शेपटीवर साधी रेघसुद्धा नाही. तिचा फोटो कोणी काढत नाही. पण गाणं! एक सूर तिचा, पुढचा त्याचा, परत तिचा, परत त्याचा, इतक्या फास्ट की दोन पक्षी गातायत हे कळतच नाही. आठवतं, लहानपणी आपली पैज लागली होती? तू म्हणालीस एकच पक्षी आहे, मी म्हटलं दोन. तू हरलीस आणि वर्षभर मानलं नाहीस.

फोटो बघून मला मिरेया या दोघांतली कोण वाटली ते सांगू? नको. तुला राग येईल.

आता खाऊन झालं असेल तर मुद्द्याचं. सान इसिद्रोच्या सणाचं यजमानपण या वर्षी मावशीकडे आलंय. हो, तुझ्या आईकडे! रविवारी ती टोपली घेऊन दारोदार फिरली. कुणाकडे होचा म्हणून, म्हणजे सणाची देणगी म्हणून, बँड मागितला, कुणाकडे फटाके, कुणाकडे मक्याची दारू. सगळ्यांनी टोपलीतलं खाणं घेतलं. शेवटी घरी आली, माझ्यासमोर टोपली ठेवली आणि अगदी परक्यासारखी, रीतसर म्हणाली, "अनाई, तू आणि नार्सीने मला गाणं द्यावं. दोन आवाजांचं." माझे आईबाबा स्पेनला गेल्यापासून या बाईने मला स्वतःच्या पोरीसारखं वाढवलंय. मी काय नाही म्हणणार? घेतली टोपली. तुझ्या वाट्याची तंगडी तुला पाठवली. होचाचं खाणं पोटात गेलं म्हणजे शब्द दिला, हे तुला मी वेगळं सांगायला नको. १५ मे. गाणं आपलं नेहमीचंच.

तुझी,
अनाई

ता. क. किटोहून तामारा नावाची मुलगी आलीये, युनिव्हर्सिटीची, सोतेरेचा अभ्यास करायला. मेअखेरपर्यंत राहील. मावशीने तिला तुझी गादी दिलीये.

*

आंबातो
११ मार्च

भामटे,

खाल्ल्यावर सांगतेस?

भट्टीवरून खोलीवर आले, भूक लागलेली, तंगडी हाडापर्यंत चाटून साफ केली आणि मग पत्र उघडलं. मिरेया शेजारीच होती. म्हणाली, "काय झालं ग, पांढरी का पडलीस?" मी म्हटलं, "मी आत्ता एक आख्खं गाणं गिळलं."

आणि जी मुलगी पहिल्याच ओळीत लिहिते की मी जळत नाहीये, तिच्या पत्राचा वास मला पाकीट फोडायच्या आधीच येतो. करपल्याचा वास. बेकरीत काम करते मी, मला कळतं.

मिरेया कोण आहे ते मीच सांगते. मालकांची मुलगी. इथे आले तेव्हा मी कुणालाच ओळखत नव्हते. तिने स्वतःची खोली अर्धी करून मला दिली. शनिवारी आम्ही चौकातल्या खानावळीत गातो, लोक जेवता जेवता ऐकतात, कधी ऐकत नाहीत. तिचा आवाज तुझ्याएवढा नाही. पण ती थांबते. तुझ्यासारखी पुढे पळत नाही.

किंदेला तू उगाच नावं ठेवतेस. बिचारा एकटा आहे. बाकीच्यांना अख्खा डोंगर पडलाय, त्याला ते एवढंसं झुडूप आणि तुझ्या बाटल्या. भांडला नाही तर खाणार काय? सोतेरेचं काय जातं! घरच्या बांबूत बसायचं, जोडीदार शेजारी, आणि गायचं. तिला कधी घर सोडून परक्या गावात जागा करावी लागलीये? एकदा तिला आंबातोच्या बसस्टँडवर आणून सोड, मग बघू किती गोड गाते ते.

१५ मेचं बघते. मे महिन्यात इथे लग्नंच लग्नं असतात, सुट्टी मिळणं कठीण. आईला सांग, प्रयत्न करतेय.

आणि त्या बाईला माझ्या गादीवरून उठव. भिंतीकडची बाजू खोलगट आहे ना, ती माझ्या पाठीने झालीये.

नार्सी

*

पुका रुमी
२४ मार्च

न्यान्या,

तामारा "ती बाई" नाहीये, तुझ्याच वयाची आहे. आणि खोलगट बाजूला झोपत नाही, मी तिला सांगितलंय.

पण ते सोड, काय झालं ऐक! मंगळवारी तामाराने बांबूच्या तोंडाशी बारीक जाळं लावलं. सोतेरेच्या जोडीतला नर सापडला. त्याच्या पायात छोटीशी कडी घालायची होती, म्हणून त्याला थोडा वेळ कापडी पिशवीत ठेवला. आम्ही गप्प बसलो. आणि बांबूतून मादीने गायला सुरुवात केली. एकटीने. आपला सूर म्हटला आणि थांबली. मग पुढचा सूर, परत थांबली. न्यान्या, ती जागा सोडत होती! नेमकी तेवढीच, जेवढी त्याच्या सुराला लागते. तो पिशवीत, आणि ही तिकडे अर्धं गाणं म्हणतेय, भोकं भोकं असलेलं. मग त्याला सोडला, तो उडत बांबूत शिरला आणि बसायच्या आधीच पुढची जागा भरली. जसं काही मध्ये झालंच नव्हतं.

किंदेला हे जमेल? त्याच्या चिप-चपमध्ये दुसऱ्याला शिरायला फटच नाही. तू म्हणतेस तो बिचारा एकटा आहे. एकटा आहे कारण येईल त्याला हाकलतो! मी काल मुद्दाम पाचवी बाटली घराच्या दुसऱ्या बाजूला टांगली, म्हटलं दुसऱ्या किंदेंना तरी मिळेल. हा पठ्ठ्या मधल्या छपराच्या टोकावर जाऊन बसला, दोन्ही बाजू दिसतील असा. आता पाचही त्याच्या.

तामारा म्हणते माझा कान भारी आहे. मशीनशिवाय मला नर आणि मादी वेगळे कळतात, तिला अजून नाही कळत. आणि ऐक, तिला गाताही येतं! परवा भांडी घासताना मी आपलं गाणं म्हणत होते. मी म्हटलं, "डोंगरा, तुला विचारते," तर मागून ती म्हणाली, "विचार ना." मी म्हटलं, "गेली ती कुठे गेली," ती म्हणाली, "इथेच आहे." तुझ्यासारखी ओळीचं शेपूट नाकात नेत नाही, पण सूर बरोबर. मावशी चुलीपाशी होती. पटकन मागे वळली. तिला वाटलं, तू आलीस.

मी तुला चिडवायला लिहीत नाहीये हं.

मावशी रोज विचारते, नार्सीचं काय ठरलं? मी सांगते, येणार. बरोबर सांगते ना?

अनाई

*

आंबातो
१ एप्रिल

अनाई,

मग तामारालाच घे.

माझी गादी तिला, माझी ओळ तिला, आणि चुलीपासून वळून बघणारी माझी आईपण तिलाच. अजून काही उरलं असेल तर तेही देऊन टाक, कपाटात माझी निळी शाल आहे.

सुट्टी मिळत नाहीये. मिरेयाने मला वरचा आवाज दिलाय, त्याची तयारी चाललीये.

पाव पाठवत नाही. रागात मळलेला पाव फुगत नाही.

नार्सी

*

पुका रुमी
९ एप्रिल

न्यान्या,

मी होचा परत करायला गेले होते. मावशी मका सोलत बसली होती. म्हटलं, "मावशी, नार्सीला जमत नाहीये, टोपली परत घे." तिने वर न बघता विचारलं, "तंगडी आहे का परत द्यायला?" मी म्हटलं, "ती खाल्ली तिने." "मग झालं तर," म्हणाली आणि पुढचं कणीस घेतलं. पण त्यानंतर तिने एकाच कणसाचे दाणे इतका वेळ काढले की मलाच तिथे उभं राहवेना.

वरचा आवाज? म्हणजे इतकी वर्षं आपल्यात वरचा माझा होता, ओळ मी सुरू करायचे आणि तू पुरी करायचीस, याचा तुला राग होता? कधी बोललीस का? मला वाटायचं तुला तेच आवडतं.

हो, मी जळते. घे, लिहिलं. मला त्या मिरेयाच्या वेण्या धरून तिला गोल फिरवावंसं वाटतं, आणि मी तिला एकदाही भेटलेली नाही. तू लिहितेस ती थांबते. मी पण थांबले असते ग, तू सांगितलं असतंस तर.

काल सकाळी अंगणात गेले तर इतकी थंडी होती की बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरलेला. आणि तो जांभळ्या कानांचा किंदे त्याच्या फांदीवर दगडासारखा. डोळे मिटलेले, चोच आभाळाकडे. हात लावला तरी हलेना. मला वाटलं मेला. खोटं नाही सांगत, मला रडू आलं, इतक्या शिव्या दिल्या होत्या मी त्याला. तामारा म्हणाली, "नाही ग, थंडीत ते असेच विझतात, ऊन आलं की परत पेटतात." मी त्याला ओंजळीत घेऊन उन्हात उभी राहिले. हळूहळू धडधड सुरू झाली, डोळे उघडले. आणि पहिली गोष्ट काय केली असेल त्याने? माझ्यावरच कान उभारले! जिने ऊन दाखवलं तिच्यावर!

मी काय ठरवलंय ते सांगते. तामारा गाणार नाही. मी एकटी उभी राहीन आणि फक्त माझ्या अर्ध्या ओळी म्हणेन. तुझ्या जागा मोकळ्या सोडेन, त्या सोतेरेने सोडल्या तशा. अख्ख्या गावाला ऐकू दे तिथे कोण नाहीये ते. सान इसिद्रोची शपथ.

येशील तर ये.

अनाई

*

आंबातो
१८ मे

अनाई,

तुझ्या एप्रिलच्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही, कारण उत्तर म्हणून मीच येणार होते. तुला चकित करायचं होतं. मालकांचे पाय धरले, दोन लग्नांचे पाव आधीच करून दिले, आणि सणाच्या दिवशी सकाळीच निघाले. सोबत पोतंभर पाव, आईच्या पंगतीसाठी, आणि ते पोतं उचलायला मिरेया.

वाटेत दरड. बस अडली. उरलेला रस्ता आम्ही चालत आलो, पोतं कधी तिच्या पाठीवर, कधी माझ्या. चर्चच्या अंगणात पोचलो तेव्हा तू उभी होतीस, माझी निळी शाल घेऊन. पहिलं कडवं संपलं होतं, दुसरं सुरू होत होतं. मी बँडवाल्यांच्या त्या मोठ्या भोंग्यामागे लपले. म्हटलं, जागा येऊ दे. माझी जागा आली की इथूनच ओळ टाकते, गर्दीतून. तुझं तोंड कसं होईल या विचारानेच मला हसू येत होतं. मिरेयाने माझा हात धरला होता.

"डोंगरा, तुला विचारते," तू म्हणालीस.

मी श्वास घेतला.

आणि "विचार ना" पण तूच म्हणालीस. नाकातून. माझ्यासारखं. लोक हसले, कुणीतरी शिट्टी मारली. मग "गेली ती कुठे गेली" तू, आणि "इथेच आहे" पण तूच. मी तिथेच होते अनाई. तोंड उघडं ठेवून तिथेच होते. आणि आई टाळ्या वाजवत होती.

मिरेया म्हणाली, "तुझी बहीण काय गाते ग! तिला तर कुणी लागतच नाही." ती कौतुकाने म्हणाली, बिचारी.

पाव भिंतीवर ठेवला, एर्मेलकाकांच्या गाडीत दुधाच्या कॅनच्या मध्ये बसून दरडीपर्यंत आलो आणि पलीकडून बस धरली. काकांना शपथ घातलीये. आईला सांगू नकोस.

तू सोतेरे नाहीयेस. उगाच बांबूत लपू नकोस. तू तो जांभळ्या कानांचा किंदे आहेस. आधी आईच्या घरात आलीस, तेव्हा मी सरकून जागा दिली. मग अंगण तुझं, बाटल्या तुझ्या, वरचा आवाज तुझा. माझ्याकडे एक अर्धी ओळ होती. स्वतः पितेस कमी, हाकलतेस जास्त.

तुझेच शब्द आहेत.

नार्सी

*

पुका रुमी
२४ मे

न्यान्या,

तुझं पत्र मी गोठ्यात वाचलं, मग बांबूत जाऊन वाचलं, मग काकांशी भांडून आले. ते म्हणाले, "शपथ म्हणजे शपथ. मी दूधवाला आहे, पाद्री नाही, पण मलापण नियम आहेत."

तू दुसऱ्या कडव्याला आलीस. पहिल्या कडव्याचं तुला माहीत नाही.

पहिल्या कडव्यात मी जागा सोडली होती. शपथेवर सोडली होती. "डोंगरा, तुला विचारते," म्हटलं आणि थांबले. इतकी शांतता झाली की कुणाची तरी कोंबडी बोलली ते सगळ्यांनी ऐकलं. पुढची जागा सोडली तर तो सेगुंदो, सकाळपासून झिंगलेला, मागून ओरडला, "अगं, ती शहरात पाव खातेय, तू पुढे म्हण!" सगळं अंगण हसलं. आणि बायका वळून मावशीकडे बघायला लागल्या. ती यजमानीण, नवी शाल, डोक्यावर नवी टोपी, पुढच्या बाकावर. तिने मान खाली घातली. मला वाटलं होतं, मोकळी जागा म्हणजे तू ऐकू येशील. पण गावाला त्यात फक्त "हिची पोरगी आली नाही" एवढंच ऐकू आलं. सोतेरेला बरं आहे, तिच्या बांबूत सेगुंदो नाही. म्हणून दुसऱ्या कडव्यात मी भरलं. नाकातून म्हटलं, कारण मला वाटलं मावशीला हसू येईल. आलं. टाळ्या त्यासाठी होत्या.

एवढंच लिहून पत्र बंद करणार होते. पण ते पुरं खरं नाहीये. टाळ्या पडल्यावर मला मजा यायला लागली. दोन्ही ओळी माझ्या, अख्खं अंगण माझं. मनात आलं, बघ ग मिरेया, नार्सीचं नाकसुद्धा मला येतं. मग "इथेच आहे" म्हणताना जे काही गळ्यात होतं ते सगळं घातलं. तू ऐकलंस ते तेच होतं. तेव्हा तू चुकीचं नाही ऐकलंस.

आता पावाचं. पोतं भिंतीवर सापडलं, कुणाचं ते कळेना. पंगतीत वाटायला काढलं, मावशीने एक पाव मोडून तोंडात टाकला. चावला. थांबली. म्हणाली, "कडेला करपलाय. हा माझ्या नार्सीचा. लहानपणापासून धीर नाही पोरीला." मग पोतं उचलून घरात नेलं, एकही पाव कुणाला दिला नाही. मला विचारलं, "ती कुठे उभी होती?" मी म्हटलं, "कोण?" मला खरंच माहीत नव्हतं ग! रोज सकाळी एक पाव कॉफीत बुडवून खाते. आता दगड झालेत, तरी खाते. तू सांगू नकोस म्हणालीस, पण तिला तुझ्या पत्राआधीच कळलंय.

काल तिने निकाल दिला. "टोपली दोघींनी खाल्ली, गाणं एकीनेच दिलं. अर्धा होचा बाकी आहे. जूनमधल्या कॉर्पसच्या सणाला द्या. आणि अनाई, तू दोन्ही तोंडांनी गाऊ नकोस, तुला एकच दिलंय." आणि सेगुंदोला तिने गाठून सांगितलंय की त्या दिवशी तो चर्चच्या बाहेर गाई राखेल.

तामारा आज गेली. जाताना तिने जे सांगितलं त्याने माझं डोकंच फिरलंय. म्हणाली, सोतेरेचं ते एकत्र गाणं प्रेमाचं असेलच असं नाही. काही अभ्यासकांना वाटतं तो पहारा असावा. नराने सूर काढला की मादी लगेच पुढचा सूर टाकते, म्हणजे बांबूपलीकडे कान लावून बसलेल्या दुसऱ्या मादीला कळावं, इथली जागा भरलीये बाई, पुढचं घर बघ. म्हणजे मध्ये श्वासभरही फट सोडायची नाही, कुणी शिरू नये म्हणून! मी तिच्यावर एवढी चिडले की तिची बॅग उचलायलासुद्धा गेले नाही. मग गाई सोडताना वाटलं, आपण लहान असताना तुझी ओळ संपायच्या आत मी माझी सुरू करायचे. तू म्हणायचीस मी पळते. मी पळत नव्हते. मध्ये दुसरं कुणी येऊ नये म्हणून करायचे. मलाच माहीत नव्हतं.

गादी उन्हात टाकलीये. खोलगट बाजू तशीच ठेवलीये, कापूस झोडपला नाही.

मिरेयालाही आण. हे वाक्य मी दोनदा खोडून परत लिहिलंय, तुला दिसेलच.

अनाई

*

आंबातो
२ जून

अनाई,

आईला सांग दगड खाऊ नको, ताजे आणतेय.

परवा बेकरीच्या मागच्या अंगणात फुलांच्या झुडपावर एक किंदे दिसला. जांभळे कान. इथेपण! मी पाव गार व्हायला ठेवले होते तिथे उभी राहून बघत बसले. दिवसभर चिप, चप. सगळ्यांना हाकललं त्याने. मग संध्याकाळी अंगणात कुणीच राहिलं नाही तरी चिप, चप चालूच. कुणाला हाकलत होता, देव जाणे. मला वाटलं, हा हाकलत नसेलही. आता कुणी येत का नाही, असं विचारत असेल. की मी कॉर्पसच्या आधी हळवी झालेय?

तू लिहिलंस ते मी आधी रागाने वाचलं. मग मिरेयाला वाचून दाखवलं, वेण्या धरून गोल फिरवायचंही. ती इतकी हसली की पिठाच्या परातीत बसली. आणि मग म्हणाली, "अगं, मी पण जळते तुझ्या बहिणीवर. शनिवारी तू गाताना मध्येच थांबतेस ना, मला माहितीये, ती जागा माझ्यासाठी नसते." मला हे माहीत नव्हतं, अनाई. शपथेवर. मी थांबते हे मलाच माहीत नव्हतं.

तर ऐक. कॉर्पसच्या आदल्या दिवशी काकांच्या गाडीने आम्ही दोघी येतोय. मिरेया गाणार नाही, खाणार. पहिल्या कडव्यात तू माझ्या जागा सोडायच्या. दुसरं कडवं मी सुरू करणार, वरचा आवाज माझा, आणि तू माझ्या ओळी म्हणायच्यास. नाकातून नाही. तिथे पळालीस तर भर अंगणात चिमटा काढेन.

आणि तुझ्या किंदे-सोतेरेवरून मला एक प्रश्न पडला, तो मी बेकरीत सगळ्यांना विचारला: खरा जळका कोण? दोन पार्ट्या पडल्यात, काम बंद पडायची वेळ आलीये. मालक म्हणतात किंदे, जो कान उभारून समोरासमोर भांडतो, तोच खरा जळका. मिरेया म्हणते सोतेरे, जी गोड गाऊन कुणाला शिरू देत नाही. मी अजून कुणाच्याच बाजूने नाही, माझं मत मी गाडीत बसल्यावर ठरवणार. तोवर तूच सांग, दोघांत जास्त जळकं कोण वाटतं तुला?

नार्सी